भुयारात बुडालेला पंक्चरवाला

जुन्या हायवेला, कार्ल्याच्या फाट्याच्या जरा पुढं माझं पंक्चरचं दुकान हाय. दुकान म्हणजे चार पत्रं, एक कॉम्प्रेसर, पाण्यानं भरलेलं घमेलं आन् लांबनं दिसावं म्हणून खांबाला टांगलेलं टायर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागती, तोच माझा सीझन. तीस वर्सं झाली, लोकांच्या ट्यूबमदी हवा भरतोय. आन् येवढं करून मी परदेशात गेलो, जमिनीच्या खाली एका ट्यूबवर बसलो, आन् जावयासमोर बुडून दाखवलं.

शाळा म्हणाल तर तिसरी. तशी चौथीत गेलतो, पण दोन दिवसांनी मास्तरांनी हाताला धरून परत तिसरीत आणून बसवलं. तिसऱ्या दिवशी मीच उठून घरी आलो. त्यामुळं हे सगळं मी फोनमदी बोललोय आन् फोननं लिवलंय. फोन माझ्यापेक्षा जास्ती शिकलाय.

पोरगी आमी जवळ दिली व्हती. जावई तळेगावच्या कंपनीत वेल्डर, मोटारसायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता, आजून काय पायजे. लग्नाला वरीस झालं न्हाई तवर जावयानं न्यूझीलंडात काम बघितलं आन् पोरीला घेऊन गेला. मंग तिला पोरगं झालं. चार म्हैन्यांचं झालं तवा जावयानं आमच्या दोघांची तिकिटं काढली. वैशाखात आमी गेलो. हितं अंगाची लाही व्हत व्हती आन् तितं उतारलो तर दात वाजायला लागलं. जावयानं विमानतळावर माझ्या अंगात त्याचं जाकीट घातलं. बाह्या माझ्या गुडघ्यापातुर. नातवानं मला बघितलं आन् रडाय लागला.

तिसऱ्या दिवशी जेवताना जावयानं इषय काढला. मला 'मामा' म्हणतो, हिला 'मामी'. माणूस गरीब, नजर ताटातच.

"मामी, हिची नोकरी सुरू होणार आता. बाळ रांगायला लागेपर्यंत तुम्ही राहिलात तर बरं होईल. सहा महिने."

बायको भाकरी मोडता मोडता म्हणली, "बघू."

हा 'बघू' मला चांगला म्हाईत हाय. लग्नाला निम्मं आयुष्य झालं. मी काय मागितलं तर ती 'न्हाई' म्हणती, आन् तिच्या मनात काय आसलं तर 'बघू' म्हणती.

माझा सीझन तोंडावर आलेला, मला तर म्हैन्यात परतायचंच व्हतं. म्हणजे सहा म्हैनं मी एकटा. आता खरं सांगायचं तर मला घरात मीठ कुटं ठेवत्यात ते म्हाईत न्हाई. साखरेच्या डब्यात तूरडाळ आसती आन् तूरडाळीच्या डब्यात मोहरी, आसा आमच्या घरचा कारभार, आन् त्याचा नकाशा फकस्त तिच्या डोक्यात. पण आसं जावयासमोर कसं बोलायचं. मी म्हणलं, "म्हशीचं काय? तिला हिच्या हाताची सवय हाय."

पोरगी म्हणली, "आबा, म्हैस शेजारच्या मावशी बघतायत ना? कालच फोनवर म्हणाल्या, दूध वाढलंय म्हणून."

म्हशीनं पण माझी बाजू सोडली.

त्या रात्री झोपताना मी इचार केला. बायकोला भ्या वाटंल आसं काय तरी घडलं पायजे. या देशाचं भ्या बसलं, की तीच म्हणंल, चला घरी. आन् तिला भ्या कशाचं वाटतं ते मला पक्कं ठावं व्हतं. तळेगावात पावण्यांच्या सोसायटीत एकदा लिफ्ट मधीच आडकली व्हती. ही आत, आंधार, आन् लाईट यायला अर्धा तास. तवापासनं ती सहाव्या मजल्यावर पण पायऱ्यांनी चढती. बंद जागा, आंधार. सकाळी च्या पिताना मी जावयाला म्हणलं, "जावईबापू, ते तळं-बिळं, बाग-बिग लय झालं. काय तरी भुयार-बियार दाखवा की."

जावई खूष झाला. सासरा पैल्यांदाच काय तरी मागत व्हता. फोनमदी बघून म्हणला, "आहे मामा. गुहेतून नदी जाते. ट्यूबवर बसून आतल्या आत तरंगत जायचं. आत छताला किडे चमकतात."

ट्यूब म्हणल्यावर मी छाती फुगवली. "मंग तर आपल्या घरचंच काम झालं."

बायको म्हणली, "मला पवायला येत न्हाई."

"मामी, जॅकेट देतात. बुडत नाही कुणी," जावई म्हणला. ह्या वाक्यात माझी गणती झाली नव्हती.

मला वाटलं ती नको म्हणंल. ती पोरीकडं बघून म्हणली, "तू बाळाला घेऊन भाईर बसशील का? जाऊन येते."

भुयार गाडीनं दोन तासावर. हिरव्यागार डोंगरात, मेंढरं चरत्यात, आगदी आपल्या पवन मावळासारखं, फकस्त कुटं प्लॅस्टिकची पिशवी न्हाई. तितं पैल्यांदा एका कागदावर सही करायला लावली. काय झालं तर आमी जबाबदार न्हाई, आसं त्यात लिवलं व्हतं म्हणं. माझी सही म्हणजे गाडी घाटात चढवल्यासारखी, हळूहळू, मधी थांबून. माझं आडनाव यायच्या आत बाकीच्यांचं कपडं बदलून झालं व्हतं.

कपडं म्हणजे काळ्या रबराचा एकच आखंड डगला, पायापासनं गळ्यापातुर. तो घालताना मला कळलं की रोज मी टायरमदी ट्यूब कोंबतो तवा ट्यूबला काय वाटत आसंल. एक पाय गेला की दुसरा भाईर येतोय. पोट आत ढकललं की पाठीकडनं निघतंय. शेवटी जावई आला, मागनं मान वळवून, बघत न्हाई बघत न्हाई करत त्यानं माझी चेन वडली. टायर काढायची लोखंडी पट्टी आसती तर काम लवकर झालं आसतं.

मंग बायकांच्या खोलीचं दार उघडलं आन् आमची मंडळी भाईर आली. उभ्या आयुष्यात लुगड्याशिवाय काय घातलं न्हाई, जावयासमोर तर डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई, आन् आज काळं रबर, पायात गमबूट, डोक्याला पिवळा टोप आन् टोपाला बॅटरी. जावई एकदम छताकडं बघाय लागला. छतावर काय नव्हतं. मी खाली बघितलं. पोरगी बाळाला घेऊन खुर्चीवर बसली व्हती, ती हसून हसून आडवी.

बायकोनं टोपाचा पट्टा हनवटीखाली घट केला आन् जावयाला म्हणली, "डोकं झाकलंय न्हवं? मंग झालं. बघा आता खाली, नायतर पाय मुरगळंल."

भुयार दावणारी एक पोरगी व्हती. पंचविशीतली आसंल. खांदं आसं की ट्रकचं टायर एका हातानं फिरवंल. तिला बघून मला वाटलं, हिला दुकानात ठिवली तर मी खुर्चीवर बसून नुसतं पैसं घेईन. ती विंग्रजीत बोलायची, जावई मराठीत सांगायचा, आन् मी ऐकायचो न्हाई. कारण माझं सगळं ध्यान तिनं दिलेल्या ट्यूबवर व्हतं.

ट्रकचीच ट्यूब. दाबून बघितली तर दगडासारखी टाईट. आता टायराच्या भाईर ट्यूबमदी येवढी हवा कोन भरतं? टायर आसलं तर ते ट्यूबला आवरून धरतं. उघड्या ट्यूबला दाबून हवा भरली तर ती एका बाजूनं फुगती आन् फटकन जाती. हे माझ्या दुकानातलं पैलं शिक्षण. मी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हला लावली. बुडबुडा न्हाई. तेवढं काम चांगलं व्हतं.

मी म्हणलं, "जावईबापू, हवा लय हाय ह्यात. फुटंल."

"मामा, ते रोज तपासतात. राहू द्या."

"हवेचं मला शिकवू नका." आन् मी त्यांच्याकडं पाठ करून नखानं पीन दाबली. फुस्स. लय न्हाई, दुकानात मुठीनं दाबून समजतं तेवढीच. मंग बायकोच्या ट्यूबकडं हात नेला.

तिनं ट्यूब पाठीमागं घेतली. "माझ्याला हात लावू नका."

"भल्यासाठी सांगतोय."

"तुमचं भलं तुमच्या ट्यूबीत ठेवा."

भुयाराचं तोंड आसं व्हतं की झाडीत दोन दगडांच्या मधी एक चीर. आमच्याकडं लेण्या हायत, मी पावण्यांना कितीदा भाज्याला नेलंय. पण लेणी पुढनं उघडी आसती, वारा येतो, पुण्याची पोरं फोटो काढत आसत्यात. हितं चार पावलं गेलो आन् उजेड पाठीमागं राहिला. पाणी गुडघ्याला, बर्फासारखं. छत कमी व्हत व्हत टोपाला लागलं. मी मनात म्हणलं, आता ही म्हणंल, मला न्हाई जायचं. मी कान लावून वाट बघत व्हतो. ही माझ्या पुढं, वाकून, भात लावणीला चिखलात चालावं तशी सरळ चालली व्हती. उलट पाठीमागं वळून मलाच म्हणली, "हितं खड्डा हाय, संभाळून." मी खड्ड्यात गेलेलोच व्हतो.

पुढं पाण्याची एक पायरी व्हती, कमरेयेवढी उंच. ट्यूब बुडाला धरायची, पाठ पाण्याकडं करायची आन् मागं उडी घ्यायची. त्या गाईड पोरीनं करून दाखवलं. जावई गेला. मंग बायको. काठावर उभी राहिली, डोळं मिटलं, तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेतलं आन् गेली. धप्प. वर आली ती ट्यूबमदी बसलेलीच, पाटावर बसल्यावानी.

माझी पाळी आली. मी उडी मारली न्हाई. पाय घसरला आन् त्यालाच सगळ्यांनी उडी समजून टाळ्या वाजवल्या. मी बी हात वर केला.

पुढं पाणी संथ, कुटं खोल कुटं उथळ. गाईडनं आमची माळ लावली. पुढं ती, मंग जावई, मंग बायको, शेवटाला मी. मागच्याचं पाय पुढच्यानं दोन्ही काखेत धरायचं. लग्नात आमी जावयाचं पाय धुतलं व्हतं, ताट घेऊन, वाकून. आज जावयाच्या काखेत सासूचं गमबूट. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आसणार, पण तो धरून बसला. माझं पाय बायकोनं धरलं. मंग गाईड काय तरी बोलली, जावई म्हणला, "बॅटऱ्या बंद करायच्या आणि गप्प बसायचं. आवाज केला तर मजा जाते."

बॅटऱ्या बंद झाल्या. काळं म्हणजे किती काळं, तर डोळं उघडं हायत का मिटलेलं ते बोटानं बघावं लागलं. मंग हळूहळू वर ठिपकं दिसाय लागलं. निळं, बारीक, हजारानं. आपल्याकडं पावसाच्या आधी राजमाचीकडं झाडं काजव्यांनी पेटत्यात, ते उडतं, लुकलुकतं. हे हलत नव्हतं. नुसतं टांगून ठिवलेलं. पुढनं बायकोचा आवाज आला, आगदी बारीक, "आगं आई." भ्यालेला न्हाई. पोरगी पाळण्यात ठिवली व्हती तवा असंच म्हणली व्हती.

तवाच मला कळलं की माझा बेत फसला.

आन् तवाच मला कळलं की मी बुडतोय. हवा कमी केली ती मी भाईर, उन्हात. पाणी व्हतं बर्फाचं. थंडीत हवा बसती, सकाळी गाड्यांची हवा कमी दाखवती, हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो आन् वर च्या मागतो. आता ट्यूब मधनं मऊ पडली, माझं बूड तळाला दगडांवर घासाय लागलं, आन् दोन्ही बाजूची ट्यूब वर उठून मला करंजीसारखी मिटाय लागली. जाकिटानं मुंडकं वर व्हतं, पाय बायकोच्या काखेत वर व्हतं. मधला सगळा पंक्चरवाला पाण्यात.

बोलायचं न्हाई, सांगितलं व्हतं. आन् जावई दोन हातावर. मी गप.

बायको हळूच म्हणली, "अवो, पाय का जड झालं?"

"न्हाई. ठीकाय."

"बुडताय का?"

"थोडं."

"हवा सोडली तुमी?"

"थोडी."

तिनं नुसतं माझं पाय आजून घट धरलं. त्या घट धरण्यानं मला काय झालं कुणास ठावं. आंधार, गार पाणी, एका दगडानं पाठ सोलून निघालेली, आन् वर ते निळं ठिपकं. माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"तू हितं राहू नको. मी एकटा घरी जाऊन काय करू? मला मीठ पण सापडत न्हाई."

मी आपलं कानात बोलल्यासारखं बोललो. पण भुयाराची तऱ्हा मला कुटं म्हाईत व्हती. शब्द भित्तीला लागला, छताला लागला, पुढं गेला आन् लांबनं परत आला. न्हाई, न्हाई, न्हाई. पुढं जावयाच्या ट्यूबमदी पाणी डुबुक वाजलं. गाईडनं काय तरी इच्यारलं. जावई तिला विंग्रजीत म्हणला ते मला पण समजलं, कारण त्यात 'सॉल्ट' व्हतं. दुकानासमोरच्या हाटेलात त्या नावाची बिस्किटं मिळत्यात.

बायको मंग म्हणली, "आत्ता पाय धरू का सोडू, तेवढं सांगा."

"धर."

"मंग गप ऱ्हावा. मला बघू द्या."

आन् तिनं मला तसंच वडत नेलं. पवायला येत नसलेली बाई, पुढं जावई, पाठीमागं आरधा बुडालेला नवरा, आन् ती मान वर करून बघत चाललेली. वळणावर उजेड दिसला तवा मला हायसं वाटलं, आन् ती म्हणली, "संपलं व्हय?"

भाईर गरम सूप दिलं. गाईडनं माझी ट्यूब उचलली, दाबली, मला बघितलं, परत दाबली. कोपऱ्यातला पंप घेऊन तिनं त्यात हवा भरली. मी तिच्या नजरंला नजर दिली न्हाई. एका पंक्चरवाल्यासमोर दुसऱ्यानं त्याच्याच ट्यूबमदी हवा भरावी, ह्यापेक्षा आपमान न्हाई.

गाडीत कोन बोलंना. पोरगी म्हणली, "काय झालं? भांडलात का?"

जावयानं गाडी चालवता चालवता घसा साफ केला. "मामी, तुम्ही जा मामांबरोबर. आम्ही बघू काहीतरी. पाळणाघर आहे इथं."

मी खिडकीतनं मेंढरं बघत व्हतो. माझा डाव मी जिंकला व्हता, आन् तोंड वर करायची सोय नव्हती. पोरीचा चेहरा आरशात दिसत व्हता. ती बाळाचं टोपडं नीट करत बसली. बाळ झोपलं व्हतं, तरी करत व्हती.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. इच्यारत नव्हती, नुसतं बघत व्हती. पोरीच्या बाळंतपणाला ती आली नव्हती. म्हैस व्याली व्हती, माझं गुडघं धरलं व्हतं, काय ना काय निघालं व्हतं. प्रत्येक बारीला कारण माझंच.

मी म्हणलं, "मीठ कुटं आसतं तेवढं सांग. बाकीचं मी हुडकंन."

"कुठल्या मिठाचं?" ती म्हणली. "जाड का बारीक?"

दोन परकारचं मीठ आसतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता चवथा म्हैना चालूय. पाऊस चांगला झाला, सीझन चांगला झाला. म्हशीचं दूध मावशीच काढती, मला म्हैस जवळ येऊ देत न्हाई. मी पिठलं शिकलोय. पैल्यांदा केलं तवा शेजारचा चाखून म्हणला, "भाऊ, हे डब्यात भरून ठिवा, पंक्चरला लावाय येईल." आता बरं व्हतं. बायको रोज फोनवर बाळ दाखवती, रांगतंय, मधीच फोन तोंडात घालतंय. रविवारी ती परत त्या भुयारात गेलती, पोरीला घेऊन. जावई भाईर बाळाला घेऊन बसला.

परवा तिनं इच्यारलं, "करमतंय का?"

दुकानात गिऱ्हाइक न्हवतं, कुणासमोर तोरा दाखवायचा नव्हता. म्हणलं, "न्हाई."

तिकडं तिनं बाळाला खाली ठिवलं. मंग म्हणली, "जेवलात का?"

"जेवलो. पिठलं पातळ झालं व्हतं."

"बेसन आदी भाजून घ्या," ती म्हणली, आन् मला सांगाय बसली.